मोरचूद

बायकोच्या यशाचा आपल्याला फार अभिमान वाटतो, असं मुकुंद वैरागडे त्या उन्हाळ्यात भेटेल त्याला सांगत होता. पत्रकारांना सांगत होता, शेजाऱ्यांना सांगत होता, पुण्याहून फोन करणाऱ्या मुलीलाही सांगत होता. सांगताना तो हसायचा. हसू ओठांवर असायचं आणि त्याच वेळी पोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळतंय असं त्याला वाटायचं.

वणीच्या रस्ते संशोधन केंद्राच्या सभागृहात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या टेबलावर हातभर लांबीची एक राखाडी तुळई होती. काही आठवड्यांपूर्वी सगळ्यांच्या देखत यंत्रात दाबून तिला मधोमध तडा पाडला होता आणि मग ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. आता त्या तड्याच्या जागी फक्त एक पांढरी रेघ दिसत होती. केंद्राचे संचालक रहाटे साहेब यांनी ती तुळई पुन्हा यंत्रात चढवली. दाब वाढत गेला. कडकन आवाज झाला आणि तुळई तुटली. मात्र पांढरी रेघ तशीच शाबूत होती. तुळई तिच्या शेजारी, नव्याच जागी तुटली होती.

मग टाळ्या सुरू झाल्या. हेमांगी, मुकुंदची बायको, टेबलामागे चष्मा पुसत उभी होती. मुकुंदही टाळ्या वाजवत होता. तेवढ्यात कॅमेरा घेतलेला एक तरुण त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "तुम्ही मॅडमचे मिस्टर ना? जरा बाजूला सरकता का सर, फ्रेममध्ये येताय."

मुकुंद बाजूला सरकला.

वीस वर्षांपूर्वी या केंद्रात हेमांगीला त्यानंच आणलं होतं. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. केंद्रात तिचं काम पाणी तपासण्याचं होतं, आणि सगळे तिला 'पाणीवाली मॅडम' म्हणायचे. रस्ते हा मुकुंदचा प्रांत. रात्री जेवताना तो तिला काळ्या मातीबद्दल सांगायचा. काळ्या मातीचा एकेक कण म्हणजे पत्त्यांचा जोड समज, तो म्हणायचा. पावसाळ्यात पानापानांमध्ये पाणी शिरतं, जोड फुगतो. उन्हाळ्यात पाणी जातं, जोड आक्रसतो, जमिनीला भेगा पडतात. अशा मातीवर रस्ता केला की तो दरवर्षी श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो आणि उखडतो. म्हणून त्या मातीत सिमेंट मिसळायचं. सिमेंटमधला चुना त्या पानांना एकमेकांशी घट्ट बांधतो. पण सिमेंट कोणतं, हा खरा प्रश्न. साधं सिमेंट लवकर कडक होतं, पण चिरा पाडतं, आणि मातीत जिप्सम असेल तर त्यातून सुयांसारखे स्फटिक वाढून पाया आतून फुगतो. औष्णिक वीज केंद्राच्या राखेचं सिमेंट स्वस्त, पण ताकद धरायला फार वेळ घेतं. पोलादाच्या भट्टीतल्या मळीपासून केलेलं स्लॅग सिमेंट मात्र घट्ट विणीच्या कापडासारखं. क्षार आत शिरू देत नाही, मातीतलं जिप्सम त्याचं काही बिघडवू शकत नाही. विदर्भातल्या काळ्या मातीसाठी स्लॅग सिमेंट किती, कसं, कोणत्या ओलाव्यात मिसळायचं, हे मुकुंदनं आयुष्य घालवून ठरवलं होतं. सरकारी नियमांत त्याचे आकडे होते.

हेमांगीचा शोध त्याच्याच टाकाऊ मालातून निघाला होता. मुकुंदनं चाचणीत नापास केलेलं, स्लॅग सिमेंट आणि मातीचं एक तडकलेलं नळकांडं केंद्राच्या मागे नळाजवळ पडलं होतं. हात धुताना हेमांगीच्या लक्षात आलं, की त्याची चीर बुजत चालली आहे. तिनं ते पांढरं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तिथे जिवाणू होते. युरिया खाऊन, मातीतला चुना घेऊन, ते दगड तयार करत होते. खडूचाच दगड, पण कणाकणाला चिकटणारा. असे जिवाणू जगात आधीही माहीत होते. हा वाण वेगळा होता, सिमेंटच्या दाहक चुन्यातही तो जगत होता. पाणी नसेल तर बीजासारखा वर्षानुवर्षं झोपून राहायचा, चिरेतून पाणी आत आलं की जागा व्हायचा, चीर बुजवायचा आणि पुन्हा झोपायचा. हेमांगीनं तो वाढवला, राखेच्या बारीक गोळ्यांत खाद्यासह भरला आणि थोड्या साध्या सिमेंटबरोबर मातीत मिसळला. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं, जिवंत सिमेंट.

'माझ्याच नळकांड्यातून,' मुकुंदच्या मनात यायचं. 'मी फेकलेल्या.'

धानोलीचा रस्ता ही खरी परीक्षा होती. वणीपासून तासाभराच्या अंतरावर, कापसाच्या शेतांमधून जाणारा नवा रस्ता. त्याच्या पायाचे चार तुकडे ठरले. पहिला साध्या सिमेंटचा, दुसरा राखेच्या, तिसरा मुकुंदच्या स्लॅग सिमेंटचा आणि शेवटचा, धानोली गावाला लागून असलेला, जिवंत सिमेंटचा. चालकाविना चालणारं एक लांबलचक यंत्र माती खणत, सिमेंट मिसळत, दाबत पुढे सरकायचं आणि मागे सपाट पाया सोडत जायचं. यंत्राला फक्त पाणी मारायचं काम येत नव्हतं. त्यासाठी जुना टँकर आणि माणसं होती, आणि त्यांची देखरेख मुकुंदकडे होती.

मे महिन्यात जिवंत सिमेंटचा तुकडा पुरा झाला. रहाटे साहेब पाहणीला आले. रस्त्याच्या नव्या पायावरून बूट आपटत चालत ते म्हणाले, "वैरागडे, पुढच्या वर्षी हा सहाशे किलोमीटरचा कार्यक्रम होणार. चार जिल्हे. स्लॅगचा विभाग आता मॅडमच्या विभागातच घेऊ म्हणतो. वेगळा ठेवायचं कारण उरलं नाही. तुमची हरकत नाही ना?"

"माझी कसली हरकत," मुकुंद म्हणाला.

साहेबांची गाडी गेल्यावर हेमांगी त्याच्याजवळ आली. तिनं त्याचा दंड धरला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. तू माझ्याकडे आलास तर मला किती बरं होईल! मिळून काम करू. तुझी जागा मी कमी होऊ देणार नाही."

ती मनापासून बोलत होती. ती टोचून बोलली असती तर मुकुंदला ते सोपं गेलं असतं. 'तुझी जागा मी कमी होऊ देणार नाही.' हे वाक्य त्याच्या कानात तिची जीप धुळीत दिसेनाशी होईपर्यंत, आणि नंतरही, वाजत राहिलं.

दुपारी मजूर बाभळीखाली डबे उघडून बसले. मुकुंद गाडी घेऊन धानोलीच्या कृषी केंद्रात गेला. तिथे त्यानं मोरचुदाच्या दोन गोण्या मागितल्या.

"संत्र्याले पाह्यजे का साहेब?" दुकानदारानं विचारलं.

"हो."

ते अगदीच खोटंही वाटलं नाही. मुकुंदच्या वडिलांची वरुडला संत्र्याची बाग होती. चुन्यात कालवलेला निळा मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, झाडांच्या बुंध्याला लावताना त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. बुरशी मरते, कीड मरते. जिवाणू तर त्याहून नाजूक, आणि युरिया पचवण्याची त्यांची सगळी करामत तांब्यापुढे बंद पडते, हे त्याला हेमांगीनंच कधीतरी सांगितलं होतं.

त्यानं गोण्या टँकरच्या तोंडातून आत रिकाम्या केल्या, टँकर थोडा पुढेमागे हलवून पाणी ढवळलं, आणि जिवंत सिमेंटच्या तुकड्यावर शंभरेक मीटर, या काठापासून त्या काठापर्यंत, स्वतः पाणी मारलं. भर उन्हात, मजूर जेवून बाभळीखाली झोपले असताना. रस्त्याच्या ओल्या पायावर निळसर झाक आली आणि बघता बघता वाळून गेली. रस्ता खचावा, कुणी मरावं, असलं काही त्याला नको होतं. पायात साधं सिमेंट होतंच, रस्ता टिकला असता. त्याला एवढंच हवं होतं, की कुठेतरी तिच्या चिरा बुजू नयेत.

आणि तसंच झालं. जुलैत जिवंत सिमेंटच्या तुकड्यावर ठिकठिकाणी केसासारख्या चिरा पडल्या आणि आठवड्याभरात बुजल्या. त्या शंभर मीटरवरच्या तेवढ्या उघड्या राहिल्या. हेमांगी छत्री धरून तिथे उकिडवी बसायची, नमुने खरवडायची. जिवाणू मेलेले निघत होते. तिला वाटलं, गोळ्यांची तेवढी खेपच खराब होती. मग वाटलं, आपला वाणच कमजोर पडतोय. तिची झोप उडाली. एका संध्याकाळी ती घरी ओट्याशी उभी असताना तिला रडू फुटलं.

"सहाशे किलोमीटर, मुकुंद. आणि मला शंभर मीटरचं कारण सांगता येत नाही."

मुकुंदनं तिला खुर्चीवर बसवलं. चहा करून दिला. तिच्या पाठीवर हात ठेवून तो शेजारी बसून राहिला. "होतं असं," तो म्हणाला. "मातीचं काही सांगता येत नाही. मी नाही का इतकी वर्षं ठोकरा खाल्ल्या?" तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. गेल्या वर्षभरात त्याला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. ती पुन्हा त्याला रस्त्यांबद्दल विचारत होती.

जानेवारीत धानोलीहून फोन आला, की गावकऱ्यांनी रस्ता अडवलाय.

दोघं पोचले तेव्हा रस्त्यावर रिकाम्या घागरी मांडल्या होत्या. पार्बताबाई टेकाम नावाची, साठीच्या पुढची एक बाई सगळ्यांच्या पुढे बसली होती. रस्त्याच्या खालच्या अंगाला तिचं शेत होतं आणि शेतात विहीर होती.

"माह्या सासऱ्यानं खोदेल विहीर आहे बाई," ती हेमांगीला म्हणाली. "दुष्काळातई आटली नाई. यंदा एवढा पाऊस झाला आन् विहीर कोरडी. थ्या वरच्या अंगच्या वावरात पाह्य, तूर सडून राह्यली पान्यानं. पानी तिकडं थांबते, इकडं येतच नाई. काऊन येत नाई, थे तुमीच सांगा."

हेमांगीनं रस्त्याच्या कडेला चर खणायला लावला. माणसाच्या कमरेएवढ्या खोलीवर यंत्राचा दात कशावर तरी घासला आणि ठिणग्या उडाल्या. पाया तर वरच संपला होता. त्याच्याखाली, मुरमाच्या थरात, जिथे सगळं भुसभुशीत असायला हवं तिथे पांढरा दगड होता. तो पायातून मुळांसारखा खाली उतरला होता आणि रस्त्याच्या लांबीला समांतर पसरला होता.

हेमांगी चरात उतरली. तिनं त्या दगडावरून बोटं फिरवली. मग मान वर करून तिनं वरच्या अंगाच्या कापूस-तुरीकडे पाहिलं.

"युरिया," ती म्हणाली. "शेतातला युरिया. आम्ही गोळीत मोजून खाद्य दिलं होतं, ते संपलं की झोपणार होते. इथे पावसानं शेतातला युरिया वाहून आणला आणि ते जेवतच राहिले. पाण्याबरोबर खाली गेले. मातीत चुनखडीचे कंकर आहेतच, चुना हवा तेवढा. मुकुंद, मी जमिनीच्या पोटात बांध घातलाय."

जमिनीत मुरणारं पाणी वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडे मुरमाच्या थरातून वाहत असतं, विहिरींचे झरे म्हणजे तेच पाणी. जिवंत सिमेंटनं ती वाट किलोमीटरभर बंद केली होती. फक्त एका ठिकाणी पाणी जात होतं. त्या शंभर मीटरच्या खालच्या बाजूला एक विहीर होती, आणि ती काठोकाठ भरलेली होती.

पुढचे काही आठवडे हेमांगीनं त्या शंभर मीटरचा ध्यास घेतला. खणून पाहिलं, माती तपासली. तिथे तांबं शोधायचं मात्र कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. योगायोगानं तिथल्या मातीत कंकर थोडे कमी निघाले. तिनं त्यावरून निष्कर्ष काढला, की जिथे कंकर कमी तिथे जिवाणू मरतात, आणि खाली उतरत नाहीत. म्हणजे कार्यक्रम रद्द करायची गरज नाही, कमी कंकराची माती निवडून रस्ते करायचे. रहाटे साहेबांना हायसं वाटलं. नकाशे नव्यानं काढायला घेतले.

मुकुंदला ठाऊक होतं, की हे सगळं चूक आहे.

तो गप्प बसला असता तर काय झालं असतं, हेही त्याला दिसत होतं. चार जिल्ह्यांत रस्ते झाले असते. दोन पावसाळे गेले असते आणि गावोगावच्या विहिरी आटल्या असत्या. मग हेमांगीचं नाव त्याच वर्तमानपत्रांत वेगळ्या अक्षरांत आलं असतं, आणि रहाटे साहेब खाली मान घालून म्हणाले असते, वैरागडे, तुमचं स्लॅगच बरं होतं. हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा यायचं. ते यावं असं त्याला वाटायचं, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट होती.

फेब्रुवारीत तो एकटाच धानोलीला गेला. भरलेल्या विहिरीवर बायांची रांग होती. पार्बताबाईनं त्याला पाहिलं आणि घागर खाली ठेवून ती जवळ आली.

"साहेब, त्या दिवशी टँकरवर तुमीच होते ना जी?"

मुकुंदनं रस्त्याकडे पाहिलं.

"मी वावरात होती. निळं पानी मारत होते तुमी. बाभळीच्या मुळाशी दोन दिस निळं दिसे." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी काय टाकलं, आमाले नाई समजत. पन जेवढ्यात टाकलं, तेवढंच पानी चालू आहे. बाकीच्यातई टाका ना जी. आमी कोनाले नाई सांगत, टाकाले मनाई असन तं."

ती हात जोडून उभी होती. मुकुंदनं तिचे हात खाली केले. "बघतो" एवढंच बोलून तो गाडीत बसला.

घरी हेमांगी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसली होती. बाहेर अजून ऊन होतं.

"कंकराचा काही संबंध नाही," मुकुंद दारातूनच म्हणाला.

"म्हणजे?"

"त्या शंभर मीटरवर मी मोरचूद मारला होता. टँकरमधून."

हेमांगीनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "किती?"

"दोन गोण्या. पन्नास किलो."

"किती पाण्यात?"

"टँकरभर. पाच हजार लिटर."

"म्हणजे एक टक्का." तिनं पेन उचललं आणि नकाशाच्या कोपऱ्यात भराभर काहीतरी लिहू लागली. मध्येच ती दचकून थांबली. "त्या विहिरीचं पाणी लोक पितात, मुकुंद! घोटभर नाही, रोज पितात!"

"सिमेंटच्या चुन्यात तांबं अडकून बसतं. संत्र्याच्या बुंध्यावर बसतं तसं. खाली जात नाही. मला वाटतं, जात नसावं."

"तुला वाटतं?"

ती उठली, फोन लावून तिनं त्या विहिरीचा उपसा बंद करायला सांगितलं, गावाला टँकर पाठवायला सांगितला, पाण्याचे नमुने मागवले. सगळं शांत आवाजात. मग ती पुन्हा खुर्चीवर बसली.

"का?" तिनं विचारलं.

मुकुंदनं तयारी करून ठेवलेली कारणं होती. सुरक्षेची शंका, तुलनेसाठी चाचणी, घाई. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "मी जळत होतो," तो म्हणाला. "तू पुढे गेलीस ते मला बघवत नव्हतं."

गल्लीतून भाजीवाल्याची हाक येऊन गेली.

"रस्ता बिघडवलास, ते मी कदाचित विसरेन," हेमांगी म्हणाली. "माणसं चिडून काहीही करतात. पण मी रडत होते त्या संध्याकाळी तू माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होतास. चिरा का बुजत नाहीत ते तुला माहीत होतं, आणि तू मला चहा करून दिलास." तिनं नकाशाची गुंडाळी केली. "ते माझ्यानं नाही विसरलं जाणार."

त्याच दिवशी ती केंद्राच्या विश्रामगृहात राहायला गेली.

विहिरीच्या पाण्यात तांबं जवळजवळ निघालंच नाही. मुकुंदचा अंदाज खरा होता. सिमेंटमधल्या चुन्यानं ते जागच्या जागी धरून ठेवलं होतं. रहाटे साहेबांना प्रकरण गुपचूप मिटवायचं होतं. "घरातलं भांडण समजू," ते म्हणाले. हेमांगीनं ऐकलं नाही. तिनं पुढच्या बैठकीत सगळं उभं राहून सांगितलं, आणि मुकुंदनंही उभं राहून ते खरं असल्याचं सांगितलं. त्याला निलंबित केलं गेलं.

पण हेमांगीच्या डोक्यात आता एक नवीन गोष्ट होती. जिवाणूंना मारायचं नाही, त्यांना कुंपण घालायचं. रस्त्याच्या मध्यभागी जिवंत सिमेंट असू दे, चिरा बुजवू दे. दोन्ही काठांना आणि तळाला मात्र तांबं मिसळलेल्या सिमेंटचा पातळ पट्टा. त्यापलीकडे ते जाऊ शकणार नाहीत. आणि पाण्याला वाट म्हणून ठरावीक अंतरावर खडीचे चर. त्या पट्ट्यासाठी तिनं सगळी सिमेंटं तपासली. साध्या सिमेंटमधून तांबं दोन-चार वर्षांत हळूहळू झिरपलं असतं. राखेच्या सिमेंटला ताकद यायला उशीर लागत होता, तोवर जिवाणू पार झाले असते. घट्ट विणीचं एकच होतं. रहाटे साहेबांनी तिचा निष्कर्ष वाचून विचारलं, "स्लॅग? मॅडम, नक्की?" ती म्हणाली, "माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. आकडे स्लॅगचे चांगले आहेत."

धानोलीचा दगडी बांध कापून रस्त्याला हे पट्टे घालायचं काम उन्हाळ्यात सुरू झालं. मुकुंद तिथे गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि पगारही नव्हता, पण तांबं घातलेलं स्लॅग सिमेंट नेमकं किती ओलं असावं, हे ठरवायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. हेमांगीनं त्याला पाहिलं, हाकललं नाही. ती त्याच्याशी फक्त मिश्रणाबद्दल बोलायची, इतर अभियंत्यांशी बोलावं तसं, अहोजाहो करून.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात पार्बताबाईच्या विहिरीला पाणी आलं. आधी काठाच्या कपारी ओल्या झाल्या, मग एका अंगानं झरा फुटला आणि दोन दिवसांत चार पुरुष उंचीचं पाणी चढलं. गावानं कार्यक्रम ठेवला. विहिरीपाशी मांडव घातला, पत्रकार आले, रहाटे साहेब आले. पार्बताबाईनं हेमांगीची ओटी भरली. फोटो निघाले. साहेबांनी माईकवरून जाहीर केलं, की सहाशे किलोमीटरचा कार्यक्रम आता वैरागडे मॅडमच्या नव्या पद्धतीनं होणार, आणि या पद्धतीला दिल्लीतूनही विचारणा झाली आहे.

मुकुंद रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या बांधणाऱ्या मजुरांमध्ये उभा होता. गेले सहा महिने त्याची समजूत होती, की खरं बोललं की आतलं सगळं धुऊन निघतं. आता टाळ्यांचा आवाज ऐकताना पोटात तोच पीळ बसला. तितकाच घट्ट. ते काठाचे पट्टे त्याच्या सिमेंटचे होते, त्यातलं तांबं त्याच्या पापाचं होतं, आणि या सगळ्याला आता तिचं नाव मिळालं होतं. हे न्याय्य आहे, हे त्याला कळत होतं. कळून पीळ सैल होत नव्हता.

कार्यक्रम संपला. गाड्या गेल्या. मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालून रचल्या जात होत्या. हेमांगी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर एकटीच बसून चपलेतला खडा काढत होती. मुकुंद रस्ता ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"एक सांगायचं होतं."

"मिश्रणाचं काही आहे का?"

"नाही. साहेब बोलत होते, टाळ्या वाजत होत्या, तेव्हा मी पुन्हा जळलो. आत्ता. अर्ध्या तासापूर्वी. मला वाटलं होतं, ते संपलं असेल. नाही संपलेलं. तुला माहीत असावं म्हणून सांगतोय."

हेमांगीनं चप्पल पायात घातली. तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, सूक्ष्मदर्शकातून नवीन काही दिसलं की पाहायची तसं, घाई न करता.

"या वेळी काही केलंस?"

"नाही."

"करणार आहेस?"

"नाही. तुला सांगायचं ठरवलं, तेवढंच."

समोरच्या विहिरीवर पार्बताबाईच्या सुनेनं घागर सोडली. दोर सरसरत गेला आणि खालून पाण्याचा आवाज आला. हेमांगीनं तिकडे पाहिलं.

"फार होतं का?" तिनं विचारलं. कितीतरी महिन्यांनी तिनं त्याला मिश्रण सोडून दुसरं काही विचारलं होतं.

"फार."

"बरं," ती म्हणाली आणि कठड्यावर थोडी बाजूला सरकली.